रुक्माच्या हातचं पान

तळवडे,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुक्मा,

सप्रेम जयभीम.

तू, दिव्या, ज्योतीराम भाऊ आणि वहिनी, सगळे बरे असाल. इकडे मी आणि समाधान ठीक आहोत. तुझा पत्ता कुसुमताईंकडून घेतला. त्या अजून कंपनीतच आहेत, पॅकिंगला. फोन मी पुष्कळदा केला, तू उचलला नाहीस. नंबर बदलला असेल, असं काही दिवस मी स्वतःला सांगत होते. मग एकदा दिव्याने उचलला, "मिनल मावशी" म्हणाली, आणि मागून तुझा आवाज आला, "ठेव." तेव्हापासून केला नाही. शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

म्हाळुंग्याची खोली आम्ही सोडली. आता तळवड्याला राहतो. समोर पत्र्याच्या शेड आहेत, दिवसभर ग्राइंडरचा आवाज असतो, पण खोलीला मोठी खिडकी आहे. समाधानला चाकणची बस चौकात मिळते. तो आपल्याच कंपनीच्या दुसऱ्या प्लांटला आहे, ठेकेदाराकडेच. मी मात्र कंपनी सोडली. मागच्या एप्रिलमध्ये. पाठ फार दुखायची.

आता मी घरी कानातले करते. तू शिकवलेस तेच.

भाऊ तुझं सामान न्यायला आले त्या दिवशी मण्यांचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "हे तिच्यापुढं न्यायला नको," म्हणाले. मी तो माळ्यावर टाकून ठेवला होता. कंपनी सोडल्यावर दिवसभर घरात एकटी असायचे, एका दुपारी खाली काढला. तू रंगाप्रमाणे लावलेले मणी तसेच होते. तारेची गुंडाळी, कटर, गोल तोंडाची ती छोटी पक्कड. पक्कडीच्या मुठीला तू सायकलची ट्यूब गुंडाळली होतीस, ती चिकट झाली आहे. मी ती काढली नाही.

पहिले दहा-पंधरा जोड फेकण्यासारखे झाले. तारेचा फासा गोल येईना, अंड्यासारखा यायचा. मग तुझं बोलणं आठवलं, तार ओढायची नाही, पक्कड फिरवायची. रविवारी आपण तुझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसायचो, दिव्या मण्यांत हात घालायची आणि तू तिला रागवायची नाहीस, मलाच रागवायचीस. मणी ओवला की फाशाखाली तारेचे तीन वेढे द्यायचे, चौथा दिला की मान जाड दिसते, असं म्हणायचीस. मी तीनच देते. जोड झाला की स्वतःच्या कानात तासभर घालून बघते, मगच पाकिटात घालते. तारेचं टोक आत दाबताना बोटाला लागतंच. माझ्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला आता घट्टा पडला आहे.

हे मी का लिहिलं कुणास ठाऊक. खोडत नाही, खाडाखोड वाईट दिसते.

पुनावळ्याला एका सोसायटीत श्रद्धा मॅडम म्हणून राहतात. हिंजवडीला मोठ्या कंपनीत आहेत. सोसायटीतल्या बायकांच्या वस्तूंचं त्या प्रदर्शन भरवतात. त्यांनी मला एक टेबल दिलं. सगळ्यांत आधी काय संपलं सांगू? तुझं पान. तारेचं पान वळवून त्यात बारीक हिरवे मणी भरायचे ते. मॅडमनी हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "हे डिझाईन तुमचं स्वतःचं का?"

मी हो म्हटलं.

बोलण्याच्या ओघात तोंडातून गेलं, मग मागे घेता आलं नाही. आता त्या सगळ्यांना "मिनलचं पान" म्हणून दाखवतात. मला ऐकवत नाही, पण मी गप्प असते. तुला राग येईल. यावाच.

आणखी काय लिहू. चाकण चौकातली गर्दी आहे तशीच आहे. कुसुमताईंच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याच म्हणत होत्या, भाऊंनी कंपनीवर भरपाईची केस टाकली आहे म्हणून. मला त्यातलं नीटसं कळत नाही. तुला कुणी काही कागद दाखवले का? कुणाकुणाची नावं आहेत त्यात? सहज विचारते.

हात कसा आहे, हे सगळ्यांत आधी विचारायला हवं होतं. ते शेवटी राहिलं.

दिव्या आता पाचवीत असेल. तिला माझा पापा दे.

मिनल


तळवडे,
दि. १६ मार्च २०२५

प्रिय रुक्मा,

जयभीम.

माझं पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाही, त्याचाही अर्थ मला कळतो. तरी लिहिते, कारण आता न लिहून चालणार नाही.

परवाच्या रविवारी सकाळी दार वाजलं. दिग्विजय सर आणि त्यांच्याबरोबर एक वकील. सर आपल्या प्रेस शॉपचे सुपरवायझर होते तेव्हा माझ्याशी कामापुरतं बोलायचे. त्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. खोलीत मणी पसरलेले होते, बसायला जागा नव्हती. मी घाईने चटई झटकली तर मणी सगळीकडे उडाले. वकिलांच्या बुटाखाली दोन-चार फुटले. ते "सॉरी, सॉरी" म्हणाले.

सर म्हणाले, "मिनल, तुला कोर्टातून कागद येईल. घाबरू नकोस. तू आपली साक्षीदार आहेस."

"मी काय बोलायचं?"

"जे लिहून दिलंयस तेच. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही."

वकिलांनी बॅगेतून झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली. "ही तुमचीच सही ना?" मी हो म्हटलं. समाधान दाराला टेकून उभा होता. जाताना सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "समाधान, तुझं परमनंटचं चाललंय वर. मी बघतोय." मग ते गेले. आम्ही दोघं मणी वेचत बसलो. समाधान एकदाच बोलला, "कोणता कागद?" मी त्याला सांगितलं नव्हतं. दीड वर्ष एका खोलीत राहून सांगितलं नव्हतं.

आता तुला सांगते. त्या दिवसाचं तुला जे माहीत आहे त्याहून थोडं जास्त मला माहीत आहे.

पहिली शिफ्ट होती. तू तिसऱ्या प्रेसवर पत्रे दाबत होतीस, मी लाइन लीडर. गेटवर ट्रक उभा होता आणि आपला लॉट अर्धाही झाला नव्हता. चहाची सुट्टी झाली, तुम्ही सगळ्या बाहेर गेलात. सर माझ्याजवळ आले. "तिसऱ्या प्रेसचं बघ जरा. फार मागं आहे." एवढंच म्हणाले. टेप लाव असं म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.

त्या प्रेसला दोन बटणं का दिली आहेत हे मीच नव्या पोरींना शिकवायचे. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही, म्हणजे हात आत अडकायचा नाही. आणि एका बटणावर वॉशर ठेवून वरून टेप मारली की ते दाबलेलंच राहतं, एक हात पत्रा सरकवायला मोकळा होतो, हेही मीच त्यांना करताना बघत होते आणि गप्प बसत होते. सगळ्या लाइनवर ते चालायचं. पण त्या दिवशी तिसऱ्या प्रेसवर टेप मी लावली. खिशात वॉशर होताच. लावली आणि बाहेर तुमच्यात येऊन बसले. तू बिस्किटाचा पुडा माझ्याकडे सरकवलास. मी दोन घेतली.

सुट्टीनंतर अर्धा-पाऊण तास गेला असेल. कुसुमताई म्हणतात तू ओरडलीस. मला ओरडणं ऐकू आलं नाही. मला प्रेस थांबल्याचं ऐकू आलं.

मी धावत आले. आणि रुक्मा, मी आधी टेप काढली. तुझ्या हाताकडे त्यानंतर पाहिलं.

टेपचा डिंक बटणावर राहिला होता. त्यामुळे टेप होती हे लपवता येईना. तुला दवाखान्यात नेलं, तिथेच दोन बोटं काढली आणि तिसऱ्याचं पेर. चौथ्या दिवशी मला ऑफिसात बोलावलं. लिहिलेला कागद तयार होता, त्यावर मी सही केली. टेप रुक्मिणीने स्वतःच लावली आणि मी तिला दोनदा समज दिली होती, असं त्यात आहे. त्यानंतर तुला कुणी कामावर घेतलं नाही, आणि भरपाईचा विषय निघाला की तोच कागद पुढे करतात, हे मला कुसुमताईंकडून कळत गेलं.

पाठ दुखते म्हणून कंपनी सोडली असं मी लिहिलं होतं. पाठ दुखत नव्हती. परमनंटचं पत्र हातात पडल्यावर मला त्या शॉपमध्ये उभं राहता येईना. प्रत्येक प्रेसच्या ठोक्याला माझे हात मागे यायचे. बायका हसायला लागल्या होत्या.

कोर्टात काय बोलायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरवलं आहे असं लिहिलं तर बरं वाटेल, पण ते खोटं होईल. समाधानच्या नोकरीचं डोक्यात येतं. टेप लावणारीवर पोलिस केस होते असं सर तेव्हा म्हणाले होते, तेही येतं.

हे पत्र तू भाऊंना दाखवलंस तरी चालेल. वकिलांना दिलंस तरी चालेल.

मिनल


तळवडे,
दि. २७ जुलै २०२५

प्रिय रुक्मा,

जयभीम.

तुझं आंतरदेशीय एप्रिलमध्ये मिळालं. डाव्या हाताने लिहिलं आहेस हे वरच्या माझ्या नावावरूनच कळलं. आडवंतिडवं अक्षर, जोडाक्षर आलं की तुटलेलं. उघडायला मला बराच वेळ लागला. आतल्या सहा ओळी मला पाठ आहेत, तरी इथं उतरवते, म्हणजे मी कशाचं उत्तर देते आहे ते दोघींपुढे राहील.

"टेप तू लावलीस हे मला चहावरून आले तेव्हाच कळलं होतं. टेपचं टोक दुमडलेलं होतं. मण्यांच्या पाकिटांना तूच तसं टोक दुमडून ठेवतेस, नंतर सोडवायला सोपं जावं म्हणून. मी बघितलं आणि तशीच कामाला लागले, लॉट मलाबी उरकायचा होता. दवाखान्यात पोलिसाने विचारलं, टेप कुणी लावली. मी म्हटलं, मला माहीत न्हाई. मी तुझं नाव घेतलं नाही. मग तू माझं का घेतलंस?"

मी इतके दिवस समजत होते की तुला टेपचं सांगितलं म्हणजे सगळं सांगितलं. तुला ते आधीच ठाऊक होतं. आणि ज्याच्याबद्दल मी दोन ओळी लिहून पुढे गेले, तेच तू विचारलंस.

त्या दिवशी मी समाधानला तुझं पत्र वाचायला दिलं. त्याने दोनदा वाचलं.

"मग आता?" तो म्हणाला.

"खरं सांगणार."

"दोन वर्षं थांबलीस. आणखी दोन महिने थांबली असतीस तर माझं काम झालं असतं." तो ओरडून बोलला नाही, त्यामुळे मला जास्त लागलं. मग आठवडाभर आमच्यात चहा-जेवणापुरतं बोलणं होतं. दिग्विजय सरांचे फोन त्याला यायचे, तो बाहेर जाऊन घ्यायचा. काय बोलायचा ते मी विचारलं नाही.

तारखेच्या दिवशी मी सकाळी बसने निघणार होते. तो शिफ्टला गेला असेल असं वाटलं होतं. खाली आले तर गाडी चालू करून उभा. "बस," म्हणाला. "पीएमपीने उशीर होईल." पुण्याला कोर्टाच्या दारातच त्याने गाडी थांबवली.

कोर्टात जे झालं ते तू ऐकलंस. तू डाव्या बाजूच्या बाकावर भाऊंच्या शेजारी होतीस, पदर हातावर घेऊन. मी एकदाच तिकडे पाहिलं, मग नाही पाहिलं, नाहीतर मला बोलता आलं नसतं. कंपनीच्या वकिलांनी झेरॉक्स पुढे केली, सही माझीच का विचारलं. मी म्हटलं, सही माझी आहे, पण वरचं लिहिलेलं खरं नाही. त्यांचा चेहरा बदलला. हेच गृहस्थ माझ्या खोलीत मणी फुटले तेव्हा "सॉरी" म्हणाले होते.

"म्हणजे तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

"तेव्हा."

"आम्ही ते कशावरून धरायचं?"

"तेव्हाच्या बोलण्यात माझा फायदा होता. आताच्यात नाही."

"टेप कुणाच्या सांगण्यावरून लावली?"

इथं मी थांबले होते. तुला वाटलं असेल मी घाबरले. तसं नव्हतं. सरांनी लावायला सांगितली असं म्हटलं असतं तर माझं ओझं अर्धं झालं असतं आणि खोलीतल्या कुणालाही ते पटलं असतं. पण त्यांनी शब्दात सांगितलं नव्हतं. म्हणून जेवढे शब्द होते तेवढेच मी बोलले. "'बघ जरा' म्हणाले. लावली मी."

न्यायाधीश साहेबांनी ते लिहून घेतलं. आता पुढे काय होईल ते तुमच्या वकिलांनी मला बाहेर सांगितलं. ठपका तुझ्यावर ठेवायला त्यांच्याकडे आता कागद उरला नाही. आणि माझ्यावर खोटं लिहून दिल्याची आणि टेपची, दोन्हींची चौकशी होऊ शकते. ती सुरू झाली आहे. गुरुवारी मला पोलिस चौकीत बोलावलं होतं, तिथेही हेच सांगितलं. समाधानला ठेकेदाराने दुसऱ्याच दिवशी ब्रेक देऊन कामावरून थांबवलं. पुन्हा कधी घेणार विचारलं तर गेटवरचा माणूस म्हणाला, कळवू. आता तो समोरच्या शेडमध्ये वेल्डिंगच्या कामाला लागला आहे. दुपारी घरी जेवायला येतो. माझ्यावर रागावला आहे की नाही ते मला कळत नाही. काल त्याने न सांगता पाकिटांवर नावं लिहून दिली, त्याचं अक्षर माझ्याहून बरं आहे.

कोर्टाच्या व्हरांड्यात तू येऊन माझ्या बाकावर बसलीस तेव्हा मला वाटलं, आता तू बोलशील ते ऐकायचं आणि उत्तर द्यायचं नाही. तू बराच वेळ माझ्या कानाकडे बघत होतीस.

"कानातला आकडा कितीच्या तारेचा हाय?"

"अठरा नंबरच्या."

"जाड हाय. बायकांच्या कानाचं भोक मोठं होईल. विसाची घे, ती बारीक असती."

मी मान हलवली. मग तू पदर बाजूला केलास. मी तुझा हात दवाखान्यानंतर पहिल्यांदा पाहिला. तू तो लपवला नाहीस, दाखवलाही नाहीस, नुसता मांडीवर ठेवलास. म्हणालीस, "माझ्यानं आता फासा होत न्हाई. तार धरता येते, वळवता येत न्हाई. दिव्याला शिकवते. मी तोंडानं सांगते, ती करते. पोरीचा हात हलका हाय."

"तिला काही सामान..."

"काही नको." आणि मग माझ्याकडे न बघता, "ते पान इकू नकोस. ते दिव्याचं हाय."

मी हो म्हटलं. भाऊंनी लांबून हाक मारली, तुमची गाडी होती. तू उठलीस, दोन पावलं गेलीस आणि थांबलीस. "का ते अजून सांगितलं न्हाईस."

"लिहून कळवते."

"लिही."

एवढंच आपलं बोलणं झालं. कोर्टात कुणी "का" विचारलं नाही. त्यांना काय झालं तेवढंच हवं होतं. म्हणून ते आता लिहिते.

पोलिसांची भीती होती, ती खरी होती. त्या महिन्यात मी परमनंट होणार होते, तेही खरं. वडील पिंपरीच्या कारखान्यात तीस वर्षं कामाला होते, आमच्या घरात कायम कामगार होणं म्हणजे काय असतं हे तुला सांगायला नको. पण या दोन गोष्टी मी स्वतःला इतक्या वेळा सांगितल्या आहेत की आता त्यांच्यावर माझाच विश्वास नाही. सही करताना डोक्यात तिसरंच होतं.

कागद पुढे होता. दिग्विजय सर म्हणाले, "तिचा हात तर गेलाच आहे. तू कशाला तुझं घालवतेस?" आणि मला ते पटलं. मला वाटलं, तुझं जे व्हायचं ते होऊन गेलं आहे. आता तुझ्यावर आणखी एक गोष्ट टाकली तर तुला काय वेगळं वाटणार. जणू दोन बोटांबरोबर तुझं नावही तिथेच राहिलं होतं आणि ते कुणीही उचलून वापरावं. तू तेव्हा दवाखान्यात शुद्धीवर होतीस, पोलिसांना "माहीत नाही" म्हणत होतीस. आणि मी ऑफिसात बसून तुला संपलेली धरलं.

माफी मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तो त्रासही तुझ्याच डोक्यावर कशाला. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

काल मी पुनावळ्याला गेले होते. श्रद्धा मॅडमना सगळं सांगितलं नाही, पण पान माझं नाही हे सांगितलं. ते माझ्या मैत्रिणीने बसवलेलं आहे, मी ते पुन्हा करणार नाही, तिची मुलगी करेल. मैत्रीण म्हणाले. दुसरा शब्द सुचला नाही. मॅडम थोड्या नाराज झाल्या, त्यांच्या सोसायटीतल्या तीन बायकांना तेच हवं होतं. मग म्हणाल्या, त्या मुलीचं नाव काय? मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, पुढे तुझी हरकत नसली तरच पत्ता देईन असं मी सांगितलं आहे. घरी आले आणि केलेली पानं होती तेवढ्यांची तार सोडवली. वळलेली तार सरळ होत नाही, ठिकठिकाणी मुरड राहते. ती टाकून दिली. मणी धुऊन ठेवले.

आता मी साधे गोल मण्यांचेच जोड करते. आकडे विसाच्या तारेचे केले. तुझं बरोबर होतं, कानाला भार वाटत नाही.

पुढची तारीख एकोणीस ऑगस्टची आहे. मला बोलावलेलं नाही, पण मी येणार आहे, समाधान सोडेल. तू बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी त्याच व्हरांड्यात बसेन, म्हणजे पुन्हा काही विचारावंसं वाटलं तर तुला शोधावं लागणार नाही.

पत्राच्या खाली "तुझी" लिहायचं असतं. मी आज नुसतं नाव लिहिते, त्याच्या आधी काय लिहायचं ते तू ठरव.

मिनल समाधान ओव्हाळ